राँग नंबरला गेलेले गुरुवार

सोमवार, ६ फेब्रुवारी

ताई,

फोन मी उचलणार नाही. तुझा नंबर ब्लॉक केलाय आणि तो तसाच राहणार आहे. पत्र लिहितेय ते एवढ्यासाठी, की कागदावर तुला मध्येच बोलता येत नाही. लहानपणापासून तू माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलेलं नाहीस. आता गपगुमान वाच.

काम सांगते. नोव्हेंबरात तू आमच्या कंपनीच्या डॉक्टरांना पत्र लिहिलंस ते मागे घे. वीस मार्चला माझी पुन्हा तपासणी आहे. त्यात पास झाले तर लिफ्टच्या शाफ्टमधलं दुरुस्तीचं काम परत मिळेल, नाहीतर जन्मभर टेबलाशी. परवा डॉक्टरांनी माझी फाइल उघडली तर सगळ्यात वर तुझं पत्र. औषधाच्या पाकिटावर 'जेवणानंतर एक' लिहितेस ना, तेच गोल गोल अक्षर. 'माझ्या बहिणीने उपचार सोडले असून ती एका निवृत्त टेलिफोन ऑपरेटर बाईंच्या नादाने दर गुरुवारी जमिनीवर पडून राहते. तिला अशा कामावर ठेवणे तिच्या आणि इतरांच्या जिवाला धोक्याचे आहे.' मला पाठ झालंय. डॉक्टर म्हणाले, सख्ख्या बहिणीने लिहिलंय, शिवाय ती औषधांच्या धंद्यातली, मी ते बाजूला कसं ठेवू? तिनेच दुसरं काही लिहून दिलं तर बघता येईल.

सोळा वर्षं मी हे काम करतेय आणि सोळा वर्षं तू लोकांना सांगतेस की आमची धाकटी लिफ्टवाली आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, स्टुलावर बसून बटणं दाबते. मी लिफ्टच्या टपावर उभी राहते, ताई. बाहेरच्या बाजूने, अंधाऱ्या शाफ्टमध्ये, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात पाना घेऊन. कामावरच्या माझ्या जोडीदाराचं आणि माझं एवढं जमलंय की तो खोकला तरी मला कळतं कुठला बोल्ट सैल आहे. या कंपनीत टपावर उभी राहणारी बाई मी एकटीच.

गेल्या जूनमध्ये सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मध्ये माझे हात आखडले, श्वास कोंडला आणि मला वाटलं संपलं. जोडीदाराने लिफ्ट खाली आणली. मला जे झालं त्याचं नाव डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या दिल्या, बोलायला समुपदेशक दिली. हे सगळं तुला माहीत आहे, कारण गोळ्या तुझ्याच दुकानातून येत होत्या. आणि तिथेच घोळ झाला. गिऱ्हाइकाने काय नेलं आणि काय नेलं नाही, हे औषधवाल्याने बाहेर बोलायचं नसतं. परक्या बाईबद्दल तू हे केलं असतंस का?

आणि तुझ्या दुकानातून गोळ्या नेल्या नाहीत म्हणजे घेतल्याच नाहीत, असं कसं? गावात दुकान काय तुझं एकटीचंच आहे?

पत्र मागे घे. वीस तारखेच्या आत.

तुझी धाकटी (नाइलाज आहे)


शनिवार, १८ फेब्रुवारी

ताई,

तुझी चिठ्ठी मिळाली. बिलाच्या वहीतला कागद फाडून लिहिलंस, तेवढी किंमत केलीस माझी. '२ ऑक्टोबर ते २५ ऑक्टोबर गोळ्या कुठल्या दुकानातून घेतल्यास? नाव कळव. पत्र लगेच मागे घेते.'

बहीण आहेस की पोलीस? दुकानाचं नाव मी कळवणार नाही. माझ्या गोळ्या, माझं पोट. त्यापेक्षा ज्या बाईंच्या तू 'नादाने' म्हणून लिहिलंस, त्या कोण ते तरी ऐकून घे. एकदाही न भेटता तू त्यांना भोंदू ठरवून मोकळी झालीस.

त्यांच्याकडे येणारे आम्ही सगळे त्यांना एक्सचेंजवाल्या बाई म्हणतो. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये, डोक्याला हेडफोन, समोर पिनांचा बोर्ड, लांबलांबच्या लोकांना लाइन जोडून द्यायचं काम. डाव्या कानाने आता कमी ऐकू येतं. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या आहेत, तिथे एकट्या राहतात. दारात पायपुसणं नाही, आत अंगारा नाही, भिंतीवर कुणाची तसबीर नाही. पैसे घेत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा विचारलं, तुम्ही नेमकं काय पाठवता? तर म्हणाल्या, "ते मला कुठे माहीत? एक्सचेंजमध्ये तरी लोक काय बोलायचे ते आम्ही ऐकायचो नाही. दोन टोकं जोडायची आणि धरून बसायचं."

करतात ते एवढंच. गुरुवारी पाच वाजता त्यांचा मेसेज येतो, 'लाइन जोडली.' त्या त्यांच्या टेबलाशी माझा फोटो पुढ्यात ठेवतात, दोन्ही तळवे फोटोच्या दोन बाजूंना, आणि वीस मिनिटं दुसरं काही मनात येऊ देत नाहीत. मी माझ्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्या मधल्या पट्टीत आडवी, एक हात छातीवर, एक पोटावर. मग 'लाइन काढली' म्हणून मेसेज. पहिल्या गुरुवारी माझ्या पाठीला खाज सुटली, बाकी काही नाही. दुसऱ्या गुरुवारी मला इतकं हसू आलं की शेजारणीने भिंत ठोकली. तिसऱ्या गुरुवारी माझे खांदे खाली आले. खांदे वर होते हेच मला तोपर्यंत माहीत नव्हतं. जूनपासून मी ते कानापर्यंत ओढून फिरत होते.

तू म्हणशील, लांबून कुणी कुणाला शांत करू शकत नाही. तर मग माझं सध्याचं काम ऐक. तुझ्या कृपेने मला जे टेबल मिळालंय ना, त्यावर एक फोन आहे. लिफ्टमध्ये कुणी अडकलं आणि आतलं लाल बटण दाबलं की तो वाजतो. मेकॅनिक पोचेपर्यंत त्या माणसाशी बोलत राहायचं. खोलीला खिडकी नाही, पंखा कुरकुरतो. गेल्या मंगळवारी एक शाळामास्तर अडकले. सुरुवातीला नुसते ओरडत होते, मग ओरडायचं थांबले. ओरडणं थांबतं तेव्हा जास्त सांभाळावं लागतं. मी म्हटलं, "मास्तर, बूट काढा. पाय लादीवर टेकवा. आता मला सांगा, लादी गार आहे की कोमट?" चाळीस मिनिटं मी त्यांना धरून होते. सुटल्यावर त्यांनी परत फोन केला. "बाई, तुम्ही इमारतीत कुठे बसता? येऊन आभार मानतो." मी म्हटलं, मी तुमच्यापासून पाऊण तासावर आहे. त्यांना खरंच वाटेना. म्हणाले, "अहो, तुम्ही तर दाराशीच होतात."

याचा कंपनी मला पगार देते आणि कुणी त्याला नाद म्हणत नाही. मान्य, माझा आवाज तारेतून जातो आणि बाईंचं काय जातं ते मला दाखवता येणार नाही. काही जात नसेलही. पण आठवड्यातून वीस मिनिटं एक माणूस हातातलं सगळं टाकून फक्त माझ्यासाठी बसतं, हे तरी खरं ना? तू कधी बसली होतीस?

हे मी गोळ्यांच्या जागी करत नाही. गोळ्यांच्या जोडीला करते. लिहून ठेव तुझ्या बिलाच्या वहीत.

तुझ्या उत्तराची वाट बघत नसलेली


बुधवार, १ मार्च

ताई,

आज जे लिहिणार आहे ते वाचून तू हसशील. दुकानात हसू नकोस, गिऱ्हाइकं घाबरतील. घरी जा, दार लाव आणि पोट धरून हस. मग पुढे वाच.

बाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ज्या फोटोत तुम्हाला कशाची भीती नाही, तो आणा." मी दोन दिवस कपाट उपसलं. माझे सगळे फोटो म्हणजे कुणाच्या तरी पाठीमागे अर्धं तोंड, नाहीतर डोळे मिटलेले. मग तो सापडला. आत्याच्या घरामागची पत्र्याची शेड, तिच्या छपरावर उभी असलेली मुलगी, दोन्ही हात पसरलेले, ऊन तोंडावर, तोंड आ करून हसतेय. आठ वर्षांची मी. मी ती गोष्ट किती जणांना सांगितलीय. जोडीदाराला सांगितलीय, समुपदेशकाला सांगितलीय, नोकरीच्या मुलाखतीत सांगितलीय, की मी लहानपणी शेडवर चढले होते आणि माझी मोठी बहीण खाली उभी राहून रडत होती. तो फोटो मी बाईंना दिला.

रविवारी आत्याकडे गेले होते. सहज मोबाइलमधला तोच फोटो दाखवला, म्हटलं, बघ आत्या, माझी हिंमत. आत्याने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि म्हणाली, "ही तू कुठली गं? ही मोठी. गुडघ्याला पट्टी बघ. त्याच आठवड्यात सायकलवरून आपटली होती."

मी वाद घातला. तुला माहीत आहे मी किती वाद घालते. दोघींना सारखेच फ्रॉक, केस दोघींचे आत्याच कापायची, एकाच मापाने, तोंडावर ऊन, मग कशावरून ती? आत्या म्हणाली, "अगं, फोटो मी काढलाय. तू शिडी धरून खाली उभी होतीस. फोटोत ये म्हणून दहा हाका मारल्या. तू म्हणालीस, मी सोडली तर ताई पडेल."

तर अशी गंमत झाली. मी शेडवर चढलेच नव्हते. आणि ऑगस्टपासून पंचवीस-सव्वीस गुरुवार एक्सचेंजवाल्या बाई तळवे उघडून ज्या मुलीला शांतता पाठवत होत्या ती तू होतीस. जमिनीवर मी पडले आणि माल तुझ्या पत्त्यावर गेला. जिला या सगळ्याचा तिटकारा आहे, जिने त्यापायी माझं काम घालवलं, तिला फुकटात सहा महिने उपचार.

हसून झालं? आता तू म्हणणार, बघ, सिद्ध झालं ना, त्यात काही नसतं. फोटो चुकीचा होता तरी तुला बरं वाटलं, म्हणजे सगळा मनाचा खेळ. मग असू दे की मनाचा खेळ. आजार मनाला झाला होता, खेळ काय गुडघ्याने खेळायचा? हे मी तुला नाक वर करून लिहितेय, पण खरं सांगते, आत्याकडून परत येताना बसमध्ये मला रडू आलं. उपचाराचं काही नाही. ती मुलगी मी नव्हते याचं. मला वाटायचं, भीती मला जूनमध्ये चिकटली, त्याआधी मी वेगळी होते, आणि पुरावा म्हणून माझ्याकडे तो एक फोटो होता. आता तोही तुझा निघाला.

काल बाईंना सांगायला गेले. वाटलं, ओशाळतील. त्यांनी फोटो हातात घेतला, गुडघ्यावरची पट्टी बघितली आणि म्हणाल्या, "राँग नंबर लागला म्हणायचा." मग गंभीर झाल्या. "एक्सचेंजमध्ये राँग नंबर लागला तर माफी मागून लाइन काढायची, हा नियम. तुमच्या बहिणीला न विचारता मी इतके दिवस तिच्या घरात शिरले. तिला कळवा. तिने नको म्हटलं तर आजपासून बंद. हवं म्हणाली तर तेही तिच्या तोंडून यायला पाहिजे." मी म्हटलं, ती कसली हवं म्हणतेय. बाई म्हणाल्या, "तुम्ही तिच्या वतीने उत्तर देऊ नका. विचारायचं काम तुमचं."

म्हणून विचारतेय. हो की नाही, तेवढंच कळव. मी बाईंना माझा नवा फोटो दिलाय, कंपनीच्या ओळखपत्रावरचा. त्यात मी भेदरलेलीच दिसते. तो असू दे म्हणाल्या.

धाकटी


मंगळवार, १४ मार्च

ताई,

तू हो म्हणाली नाहीस, नाहीही म्हणाली नाहीस. तुझ्याकडून काहीच आलं नाही. तपासणीला सहा दिवस उरलेत आणि डॉक्टरांकडे तुझं दुसरं पत्रही पोचलेलं नाही. मी काल विचारून आले.

चार वेळा हे पत्र लिहायला घेतलं. चारही वेळा तुला शिव्या घालण्यात कागद भरला. आता सरळ लिहिते.

२ ऑक्टोबर ते २५ ऑक्टोबर मी गोळ्या घेतल्या नाहीत. कुठल्याच दुकानातून नाही. तू धरलेले दिवस एकदम बरोबर होते, एका दिवसाचाही फरक नाही.

बाईंनी सांगितलं म्हणून सोडल्या असं तू लिहिलंस, तेवढं मात्र खोटं आहे. त्यांना कळलं वीस ऑक्टोबरला, माझ्याच तोंडून निसटलं. गुरुवारच होता तो. त्या म्हणाल्या, "आज लाइन जोडणार नाही. मी फक्त लाइन जोडते, वीज डॉक्टरकडून येते. ती तोडून माझ्याकडे येऊ नका." मी रागाने जिना उतरले. पुढच्या मंगळवारी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरकडे गेले, बोलणी खाल्ली, बुधवारी गोळ्या सुरू केल्या, पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानातून (पंचवीस तारीख तुला नंतर त्यांच्याकडूनच कळली असणार). तू कंपनीला लिहिलंस तेव्हा मला सुरू करून दहा दिवस झाले होते. पण ते तुला तेव्हा कळणार कसं? तुझ्याच काउंटरवर उभी राहून मी छाती काढून सांगितलं होतं, की तुझ्या गोळ्यांची मला गरज नाही. ते शब्द परत घ्यायचे म्हणजे तुझ्यापुढे मान खाली घालायची, ते मला जमलं नसतं. म्हणून पलीकडचा रस्ता.

का सोडल्या, तेही लिहिते. त्या फोटोतल्या मुलीला गोळ्या लागत नव्हत्या. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. तू माझं आयुष्य किती वेगवेगळ्या तऱ्हांनी खाल्लंयस याची यादी करायला बसले तर हे सगळ्यात वर येईल, आणि यात तुझा काडीचाही दोष नाही. याचाच जास्त राग येतो.

आणि आता ते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चौदा ऑक्टोबर. पाचवा मजला. मी टपावर, जोडीदार खाली खड्ड्यात. खड्डा म्हणजे शाफ्टचा तळ, जिथे लिफ्टखालचे स्प्रिंग असतात. माझ्या बोटांना कापरं भरलं आणि हातातला पाना सुटला. तो पडतानाचा आवाज होत नाही, भिंतीला लागतो तेव्हाच होतो. दोनदा लागला आणि मग खाली. बराच वेळ काही ऐकू आलं नाही आणि मग तो खोकला. पाना त्याच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर पडला होता. वर येऊन त्याने तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "हाताला घाम येतो का? ग्लोव्ह्ज बदल." त्याने कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. त्याला दोन मुली आहेत, ताई. दोघी माझ्याकडे हिशोबाने हट्ट करतात, एकीला दिलं की दुसरीलाही.

'इतरांच्या जिवाला धोक्याचे.' तू अंदाजाने लिहिलं होतंस. तो तुझा अंदाज तू लिहिण्याच्या तीन आठवडे आधीच खरा होऊन गेला होता आणि तुला पत्ताही नव्हता.

तेव्हा पत्र मागे घेऊ नकोस. मी मागितलं होतं, ते मी मागे घेते. घाबरून नाही आणि तुला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नाही. वीस तारखेला मी जाणार, तुझं पत्र फाइलमध्ये असताना जाणार, आणि डॉक्टरांना चौदा ऑक्टोबर माझ्या तोंडाने सांगणार. मग ज्याला जे ठरवायचं ते ठरवू दे. 'मी लिहून दिलं म्हणून तू परत टपावर चढलीस', असं तुझ्याकडून आयुष्यभर ऐकून घ्यायची माझी तयारी नाही.

पण गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर सांगितलीस ते चुकलंच. त्यावर मी ठाम आहे. आधी माझ्या दारात येऊन मला दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास.

धाकटी


मंगळवार, २१ मार्च

ताई,

काल झाली तपासणी. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

खोलीत डॉक्टर, सुपरवायझर आणि जोडीदार. डॉक्टरांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. विचारलं, "हे खरं आहे?" मी म्हटलं, "चोवीस दिवस खरं होतं." आणि पान्याचं सांगितलं. सुपरवायझरचं पेन थांबलं. त्याने जोडीदाराकडे बघितलं, "तू का बोलला नाहीस?" जोडीदार म्हणाला, "वर माणूस काम करत असताना खड्ड्यात उभं राहायचं नसतं, हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. मी उभा होतो. तिचं सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं." मला हे सुचलंच नव्हतं. इतके महिने मी तो पाना एकटीच वाहत होते.

मग डॉक्टरांनी विचारलं, "ते गुरुवारचं अजून चालू आहे?" त्यांचा आवाज चांगला होता, मला सोडवायलाच बघत होते. नाही म्हटलं असतं तर त्यांनी एका रेघेत विषय संपवला असता. मला कळत होतं. मी म्हटलं, "चालू आहे आणि चालू राहील. गोळ्याही चालू राहतील. तुम्ही दोन्ही लिहा." ते म्हणाले, "त्याचा उपयोग होतो याला पुरावा नाही." मी म्हटलं, "नाही ना. पुरावा होता तो माझ्या बहिणीचा निघाला." त्यांना काही कळलं नाही. पण लिहिलं दोन्ही.

त्यानंतर टपावर चढले. अकरा मजल्यांची इमारत, जूनमधलीच. सुपरवायझर माझ्याबरोबर, जोडीदार बाहेर, खड्डा रिकामा. चौथ्या मजल्यापर्यंत ठीक. सहाव्याशी माझ्या बोटांना मुंग्या आल्या. त्या येणार हे मला माहीत होतं. मी स्वतः टपावरचं लाल बटण दाबून लिफ्ट थांबवली आणि म्हटलं, "मला भीती वाटतेय. मी बसते." मी टपावर मांडी घालून बसले, एक हात छातीवर, एक पोटावर, सोमवार सकाळचे साडेअकरा, कुणीही लाइन जोडलेली नव्हती. काही मिनिटांनी खांदे खाली आले. उठले, बटण सोडलं आणि सातव्यावरचा दरवाजा तपासला. त्याचं कुलूप खरंच सैल होतं. ते घट्ट केलं.

निकाल असा. सहा महिने मी शाफ्टमध्ये, पण एकटीने नाही. दर महिन्याला गोळ्यांच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानाचा शिक्का घेऊन दाखवायचा. "कुठल्या दुकानाचा?" मी विचारलं. "कुठल्याही," डॉक्टर म्हणाले.

पलीकडच्या रस्त्यावरचं दुकान जवळ पडतं, हे तुला कळवून ठेवते.

धाकटी


सोमवार, २७ मार्च

ताई,

आज तुझी चिठ्ठी आली. पुन्हा बिलाच्या वहीतलाच कागद. मी ती जिन्यातच वाचली, मग घरात येऊन वाचली आणि मग जोडीदाराला फोन करून वाचून दाखवली, कारण मला कुणीतरी साक्षीला हवं होतं.

'तू टपावर जायला लागलीस तेव्हापासून दुकानातला फोन वाजला की मला वाटतं, तुझ्या कंपनीतून आहे. सोळा वर्षं. जूननंतर तर फोन उचलायच्या आधी मी हात धुवायला जाते, तोवर दुसरं कुणीतरी उचलतं. पत्र त्यासाठी लिहिलं होतं. तुझ्यासाठी लिहिलं असं मी सगळ्यांना सांगितलं. गुरुवारी पाच वाजता दुकानात गर्दी असते. उभ्याने चालतं का?'

मला वाटायचं, तुला कसलीच भीती नाही. शेडवर हात पसरून उभी राहिलेली तू. मी सोळा वर्षं तुला दाखवायला वर चढत राहिले आणि तू सोळा वर्षं खाली फोनकडे बघत राहिलीस. हे तू एकदा तरी बोलायचं होतंस. मी ऐकलं नसतं, वाद घातला असता, पण बोलायचं होतंस.

तुझा नंबर ब्लॉकमधून काढलाय. लगेच फोन करू नकोस. मला अजून राग आहे आणि तो मी माझ्या सवडीने घालवणार आहे. शिक्का घ्यायला मात्र तुझ्याकडेच येईन. चिठ्ठीवरच्या तारखा तू स्वतः तपास, पुन्हा कधी संशय नको.

बाईंना विचारून आले. म्हटलं, बहिणीचं उत्तर आलंय, तिच्याच अक्षरात आहे. त्यांनी चिठ्ठी वाचली, तुझा फोटो परत टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "उभ्याने चालतं. तिला कळवा."

तेव्हा कळवतेय. चालतं. पण ताई, तू बस.